डावं मागचं चाक

२ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. तेव्हा अक्षर बरं दिसलं तर हुरळून जाऊ नकोस, अक्कल माझीच आहे. (अक्षर माझं. अक्कल कुणाची ते तू लहानपणापासून ओळखतेस. – वहिनी)

परवा बागेच्या उतारावर आपल्या घरगाडीचा मागचा उजवा टायर फुटला. गाडी उभी होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. वहिनीच्या दोन बरण्या गेल्या, त्याचं सुतक अजून चालू आहे. मग बाकीचे तीन टायर नीट बघितले. नक्षी पार गेलीय, गोटा झालेत. कडेच्या भेगांत नख आत जातं. गाडी सत्तावीस वर्षांची, त्यातली एकोणीस आपण हिच्यातच राहून, बागेबागेतून कामं करत काढली. आता चारही टायर आणि स्टेपनी एकदमच बदलायला हवेत. रिम गंजलेत, पण चालतील असं वाटतं.

खाली बाजारात टायरवाल्याकडे दोन प्रकार आहेत. एक वापरलेला संच, नक्षी अगदी कोरी, त्यावर १०७ लिहिलंय. दुसरे नवे, त्यावर १०९. तो म्हणतो, "कुठलेही घाला आणि जा, सगळे तेच घालतात." मी घेऊनच येणार होतो. बाबा म्हणाले, "साहेबाला विचार. साहेब सांगेल तेच चाक." तू शिकलीस तेव्हापासून ते तुला साहेब म्हणतात ते म्हणतातच. आता बागेतले मजूरही मला विचारतात, तुमचे साहेब कुठे असतात म्हणून.

तू छातीच्या दवाखान्यात बाबांसाठी चौदा ऑक्टोबरची खाट मिळवलीस, तोवर पोहोचायचं आहे. बसने आणता येणार नाही. त्यांना बसवत नाही, उशांना टेकून पडले तरच श्वास पुरतो. आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत ते पाय ठेवायचे नाहीत. म्हणजे घाट उतरून सहाशे किलोमीटर हीच गाडी, त्यांच्या पलंगासकट.

इथे फोन लागत नाही. टेकडीवर चढलं तर लागतो, पण आकडे हवेत विरतात. तू कागदावरच लिही. बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलेलं आवडतं, टायरचं असलं तरी.

दादा

*

८ सप्टेंबर

दादा, वहिनी,

आधी महत्त्वाचं: १०७ घेऊ नका. नक्षी कितीही कोरी असली तरी नाही.

टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे जो आकडा असतो तो भार सांगतो. १०७ म्हणजे एका टायरवर ९७५ किलो. १०९ म्हणजे १०३०. त्याच्या वरचा ११३, म्हणजे ११५०. मी हे तीन ठिकाणी ताडून पाहिलं आहे. आपली गाडी किती भरते हे कळल्याशिवाय यातला कुठला घ्यायचा ते सांगता येत नाही. तुमच्या बागेत फळांच्या ट्रॉल्या मोजायचा वजनकाटा आहे ना? त्यावर पुढची दोन चाकं एकदा आणि मागची दोन एकदा, असं वजन करा. पाण्याची टाकी भरून, बाबा पलंगावर, तुम्ही दोघं आपापल्या जागी, भांडी, हत्यारं सगळं आत. प्रवासाला निघाल्यासारखं.

स्टेपनी बाहेर काढून तिच्यावर चार आकड्यांचा एक ठसा असेल तो कळवा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर उभ्याउभ्या म्हातारं होतं, दिसत मात्र नाही.

दादा, तुला ही कटकट वाटेल. पण मी गाड्या तपासणीच्या कचेरीत नोंदी ठेवते. अपघात झालेल्या गाडीचे फोटो आधी माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांना क्रमांक देते. गेल्या महिन्यात एकशे चौदा क्रमांक दिले. त्यातल्या एकतीस फोटोंत फुटलेला टायर होता. त्या गाड्यांमध्येही कुणीतरी म्हणालं असेल, सगळे तेच घालतात.

घरात मीच पहिली शिकले. माझं चुकलं तर "शिकून काय केलंस" असं तुमच्यापैकी कुणी म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त भीती वाटते.

बाबांना सांगा, खिडकीजवळची खाट मागितली आहे.

तुमची

*

१३ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

हुकमाप्रमाणे सगळं केलं. फुटलेल्या जागी स्टेपनी लावली, गोगलगायीच्या चालीने काट्यापर्यंत गेलो. बाबा पलंगावर राजासारखे. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "फळं कुठंयत?" बाबा म्हणाले, "मीच. पिकलेलं." मग हसताना जो खोकला लागला तो काट्यावरून उतरेपर्यंत थांबला नाही.

पुढची दोन मिळून १५८०. मागची दोन मिळून १९९०. पाणी काठोकाठ होतं.

स्टेपनीचं तू म्हणालीस तेच. अजून नव्या टायरसारखे रबराचे बारीक काटे अंगावर आहेत, न्हाऊन निघालेल्या बाळासारखी दिसते. ठसा वाचला तर अकरा वर्षांपूर्वीचा. टायरवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "तुमची बहीण टायरची जन्मपत्रिकाही मांडते का?" मी म्हटलं, मांडते.

तो म्हणतो १०९ दोन मिळून दोन हजार साठ उचलतात, तुमचं एकोणीसशे नव्वद. मग अडलं काय? मलाही तसंच वाटतं. पण तू सांग.

बाबांचं बरं आहे. (बरं म्हणजे कालपेक्षा वाईट नाही. उशा दोनाच्या चार झाल्या. – वहिनी) ते सांगतायत तसंच लिहितो: "साहेब, मी दाढी करून ठेवलीय. गाडी कधी हलवायची ते कळवा."

दादा

*

१८ सप्टेंबर

दादा, वहिनी,

बेरीज टायरवाल्याची बरोबर आहे, पण वजन दोन चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. बाबांचा लोखंडी पलंग डाव्या हाताला, अगदी मागे. पाण्याची टाकी त्याच्याच खाली. म्हणजे डावं मागचं चाक जास्त ओढत असणार. ते १०३० च्या वर गेलं, तर घाटातल्या प्रत्येक वळणावर तो टायर सोसण्यापलीकडे सोसणार, आणि बाबा बरोबर त्याच्यावर झोपलेले.

तेव्हा कृपा करून मागची दोन चाकं वेगवेगळी मोजा. एका वेळी एकच चाक काट्यावर.

डावं १०३० च्या आत असेल तर १०९ घाला आणि निघा. वर असेल तर ११३ लागतील. पण ११३ मध्ये हवा खूप भरावी लागते आणि आपल्या जुन्या रिमना तो दाब झेपणार नाही. मग रिमही नवे, स्टेपनीचा धरून पाच. मी इथे चौकशी केली, तसे रिम मागवायला तीन आठवडे लागतात. म्हणून आधी ते वजन हवं. तोपर्यंत गाडी हलवू नका. हे मी फार विचार करून लिहिते आहे.

दादा, मी येऊ का? नोकरीचं पहिलं वर्ष आहे, रजा मागितली तर कचेरीतले साहेब तोंड वाकडं करतील, पण देतील. मी येऊन स्वतः मोजेन. खरं सांगायचं तर तुझ्या मागच्या पत्रातलं वहिनीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चार उशा का?

तुमची

*

२४ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

तू येऊ नकोस. तू येणार, दोन दिवस राहणार, परत जाणार आणि आम्ही इथेच. त्यापेक्षा आम्हीच येतो. तू फक्त चाकं सांग.

काटा सध्या मोकळा नाही. तोडणी जोरात आहे, दिवसभर ट्रॉल्यांची रांग. आठवड्याभरात मिळेल म्हणतात. मिळाला की एकेक चाक मोजून कळवतो.

डॉक्टर येऊन गेले. औषध बदललं. बाबा तुझ्या पत्राची वाट बघत असतात. मागचं दोनदा वाचायला लावलं. "डावं मागचं" म्हणाले आणि पलंगाच्या कठड्यावर हात आपटून म्हणाले, "बघ, मी कुठे झोपतो तेसुद्धा तिकडे बसून कळतं तिला."

~~त्यांना आता~~ (काही नाही, शाई सांडली. – वहिनी)

दादा

*

२९ सप्टेंबर

दादा, वहिनी,

काटा मिळाला का? घाई करू नका, पण उशीरही नको. चौदा तारखेच्या खाटेबद्दल दवाखान्यात पुन्हा जाऊन आले. फार तर अठ्ठावीसपर्यंत पुढे ढकलू, असं तिथली नर्स म्हणाली. रिमवाल्याकडे पाच रिमसाठी नाव घालून ठेवलं आहे. लागले नाहीत तर नको म्हणून सांगेन.

खालचं बाबांसाठी आहे. वहिनी, एवढं मोठ्याने वाच.

बाबा, माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून घरमालकिणीशी बोलून खालची पडवी महिनाभर मागून घेतली आहे. दवाखान्यातून सोडलं की तुम्ही तिथे. गाडी समोरच्या मोकळ्या जागेत लागेल, तुम्हाला पडल्या पडल्या दिसेल. तुम्ही म्हणाला होतात, एकदा तुझी कचेरी दाखव. कचेरीत मी फक्त क्रमांक देते, बघण्यासारखं काही नाही. पण माझं नाव टेबलावर पाटीवर लिहिलं आहे. ते तुम्ही हात लावून बघा. चाकांचा निकाल लागेपर्यंत एवढं धीराने घ्या.

तुमची

*

९ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

काटा मिळाला. होतो तेवढे सगळे आत बसलो. पाणी भरलेलं होतं.

मागचं डावं ९५५. मागचं उजवं ९३०.

म्हणजे दोन्ही १०३० च्या आत. १०९ चालतील ना? तू हो म्हण, मी बसवतो आणि निघतो. तिकडे आलो की बोलू.

बाबांना आता खोकला नाही.

दादा

*

१३ ऑक्टोबर

दादा, वहिनी,

तुमचं पत्र कचेरीत मिळालं. शेवटची ओळ वाचून मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, बाबांचा खोकला गेला. त्या म्हणाल्या, औषध लागू पडलं. इतक्या दिवसांत काल मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण संध्याकाळी आकडे मांडले तेव्हा एक घोटाळा दिसला. ९५५ आणि ९३० मिळून १८८५. सप्टेंबरात मागची दोन चाकं मिळून १९९० होती. एकशे पाच किलो कमी. काट्याची चूक पाच-दहा किलोंची असते, एवढी नसते. पाणी तेव्हाही भरलेलं, आताही भरलेलं. हत्यारं बागेत उतरवली होती का?

माझा अंदाज असा की काट्यावर फार वेळ लागेल म्हणून तुम्ही बाबांना पलंगासकट खाली घेतलंत. त्यांचं वजन आणि लोखंडी पलंग मिळून तेवढंच भरतं. दादा, तू त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून केलं असशील, मी रागावत नाही. पण नेमकं तेच वजन डाव्या चाकावर येतं आणि नेमकं तेच आपल्याला हवं आहे. तेव्हा बाबांना आत घेऊन डावं चाक पुन्हा एकदा मोजा. त्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही.

खाट अठ्ठावीसपर्यंत धरून ठेवली आहे.

तुमची

*

१८ ऑक्टोबर

वन्सं,

हे मी एकटी लिहितेय. तुझा दादा टायरवाल्याकडे जाऊन बसलाय. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. "बाबांना आत घेऊन" इथपर्यंत आले, आणि तो उठून गेला.

बाबा सत्तावीस सप्टेंबरला सकाळी गेले. मी दूध घेऊन आले तर उशांना टेकलेले, डोळे दाराकडे. दादा टाकीत पाणी भरत होता. मी हाक मारली ती त्याला पहिल्यांदा ऐकूच गेली नाही. बागेच्या मालकाने वरच्या बाजूला जागा दिली, तिथे सगळं केलं. पलंग बागेतल्या दवाखान्याला देऊन टाकला. म्हणजे तुझा हिशोब बरोबर आहे. एकशे पाच किलो.

तुला कळवलं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणाला, ती तिथे खोलीत एकटी आहे, तिला कागदावर वाचायला लावायचं नाही. टायर बसवू, जाऊ, समोर बसून सांगू. मी म्हटलं, मग बसव आणि चल. तर म्हणाला, ती हो म्हणू दे. बाबा तसंच म्हणून गेले.

आता दुसरं. हे सांगू नको म्हणून त्याने मला शपथ घातली होती. पण उद्या टायरवाल्याच्या नाहीतर कुणा मजुराच्या तोंडून ऐकशील, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. पंधरा सप्टेंबरला त्याने चार १०९ विकत आणले होते, ट्रॉलीवर घालून वर. जॅक लावला होता. बाबा आतून म्हणाले, "साहेबाचा कागद आला?" तो म्हणाला, नाही. "मग थांब." तो थांबला. टायर आठवडाभर गाडीला टेकून उभे होते. बावीसला तुझं पत्र आलं, गाडी हलवू नका. दुसऱ्या दिवशी त्याने ते परत नेले. बाबा पुरते समाधानात होते. म्हणाले, "बघितलंस? घाईने घातले असते तर."

ट्रॉली उतरत होती तेव्हा मी दारात उभी होते. वन्सं, मी तुला शिव्या घातल्या. मनात नाही, तोंडाने. एवढी शिकली आणि चार चाकं सांगता येत नाहीत, असं बोलले. बाबांनी ऐकलं असणार. मला ते तुझ्यापासून लपवून तुझ्याशी गोड बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. आता तसं काही मनात नाही. कधी कधी येतं, जातं.

बाबांसाठी तू लिहिलेलं तीन तारखेला मिळालं. तू मोठ्याने वाच म्हणाली होतीस, म्हणून वाचलं. पडवी, पाटी, सगळं. ऐकायला मीच होते.

मालकाला महिनाअखेर जागा मोकळी हवी. पुढच्या बागेत छाटणीचं काम मिळालंय. तेव्हा चाकांचं काय ते सांग. पुन्हा काट्यावर चढवायला मी त्याला सांगणार नाही.

वहिनी

*

२३ ऑक्टोबर

वहिनी,

१०९ बसवा. जुन्याच रिमवर. चारही नवे, तारखेचा ठसा बघून. पन्नास किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे नट पुन्हा आवळा, नव्याने बसवलेलं चाक थोडं सैल होतं.

एवढं लिहायला एक ओळ लागली. दोन सप्टेंबरला दादाने विचारलं होतं.

तुझं पत्र आल्यापासून मी एक हिशोब केला आहे. तो तुम्हाला सांगितला नाही तर मीही तुमच्यापासून काही लपवते आहे असं होईल. बाबा आणि पलंग होते तेव्हा डावं चाक सुमारे १०४५ असणार. १०९ ला १०३० चालतात. म्हणजे पंधरा किलो जास्त. पंधरा किलो, वहिनी. आणि त्याच कोपऱ्यात, पलंगाच्या खाली, शंभर लिटर पाणी होतं. मीच भरायला सांगितलं होतं. वजन नीट यावं म्हणून. टाकी रिकामी करा, १०९ घाला आणि निघा, पाणी वाटेत मिळेल, एवढं मी अठरा सप्टेंबरला लिहिलं असतं तर तुम्ही चोवीसला इथे असता. मी वजन कसं मोजायचं ते लिहिलं, भार कुठे किती ते लिहिलं, रिमचा दाब लिहिला. वजन कमी करता येतं हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्याकडे येतात त्या कागदांवर वजन ठरलेलं असतं. मी त्याला फक्त क्रमांक देते.

तुझ्या शिव्यांचं मला वाईट वाटलं नाही. तू एकटीच बरोबर बोललीस.

हे दादाला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. खाट मी सोडली. नर्सने कारण विचारलं, मी म्हटलं, पेशंटला आता खोकला नाही. तोंडातून तेच आलं.

पडवी महिनाभर माझ्याच नावावर आहे. तुम्ही इकडे आलात तर बरं. नाही आलात तर कुठल्या बागेत जाताय ते कळवा, मी रजा घेऊन येते. साहेबांना तोंड वाकडं करू देत.

तुमची

*

२९ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

वहिनीने सगळं वाचलं. गाळायला निघाली होती, मी म्हटलं गाळू नको, आता पुरे. तिने मग शिव्यांचंही सांगितलं. मला त्या तेव्हाच ऐकू आल्या होत्या, मी ट्रॉलीवर होतो, बहिरा नव्हतो.

पाण्याचं. ती टाकी एकोणीस वर्षं मी रोज भरतोय. किती बादल्या जातात ते हाताला पाठ आहे. भरल्यावर गाडी मागे बसते तेही मला चाक धरलं की कळतं. तुला कळायला हवं होतं म्हणतेस, तर मला तुझ्या आधी कळायला हवं होतं. बाबांना आम्हा दोघांच्या आधी. त्यांनीच मला शिकवलंय की घाट चढायचा तर आधी पाणी सोड. चढताना सोडतो आम्ही. हा उतार होता, म्हणून कुणाला आठवलं नाही. तुझा कागद आला की आम्ही आमचं डोकं बाजूला ठेवतो, ही सवय बाबांनी लावली आणि मी चालू ठेवली. ते तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नकोस.

टायर काल बसवले. टायरवाल्याने पैसे घेताना काही थट्टा केली नाही. उद्या सकाळी निघतोय, पुढच्या बागेकडे. तुझ्याकडचा रस्ता उलट्या दिशेला आहे आणि काम सोडलं तर हिवाळा कठीण जाईल. तू नाताळ-बिताळ कसली सुट्टी बघत बसू नकोस, जमेल तेव्हा ये. पत्ता मागच्या बाजूला वहिनीने लिहिलाय. पन्नास किलोमीटरवर थांबून नट आवळेन.

जुनी स्टेपनी टाकून दिली. नवी अजून घेतली नाही. टायरवाल्याकडे १०९ मध्ये दोन बनावटीच्या आहेत, आणि पुढच्या गावीही मिळतात म्हणे. कुठली घ्यायची ते तू सांग. आता घाई नाही.

दादा